उंबरमाळचा कोपरा

१८ ऑगस्ट, सोमवार

आज अध्यक्षांनी कॅमेऱ्याला हार घातला. ज्या कॅमेऱ्याला लेन्सच नाही, त्याला झेंडूचा हार, वर पेढे आणि दोन बातमीदारांसमोर भाषण! "या यंत्रामुळे खानदेशचा इतिहास जगासमोर जाईल," असं प्रेमराजनाना म्हणाले. मागे उभी राहून मी मनात म्हटलं, कसा जाईल? याला डोळा कुठे आहे?

देणगी देणाऱ्या कंपनीने टेक्निकल कॅमेऱ्याची बॉडी दिली आणि तिच्या पाठीवर बसणारी दीडशे मेगापिक्सेलची डिजिटल बॅक दिली. आतला सेन्सर काडेपेटीएवढा मोठा आहे. मोबाइलमध्ये असतो तो हरभऱ्याच्या डाळीएवढा. सोबतच्या पत्रात लिहिलंय, 'लेन्स संस्थेने आपल्या गरजेनुसार निवडावी.' उरलेल्या निधीत एकच लेन्स येते. म्हणजे निवड एकदाच, आणि चुकली की कायमची.

हे काम माझं आहे. पांझरा दप्तरसंग्रहात गेले सहा महिने मी सहायक आहे. जुन्या वह्या, कापडावरचे नकाशे, सनदा, सगळं छायाचित्रांत उतरवायचं. इथे लेन्स म्हणजे काय हे भौतिकशास्त्रात शिकलेली मी एकटीच. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. पारोळ्याजवळच्या आमच्या गावी आप्पांनी ती चौकटीत बसवून देवघराशेजारी टांगली आहे. ती नुसती टांगून ठेवायला घेतली नव्हती.

संध्याकाळी आप्पांचा फोन आला. "कॅमेरा उना ना? मंग डोळा येगळा ईकत लेनं पडस?"

मी म्हटलं, हो आप्पा, आणि तोच खरा कॅमेरा असतो.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आज कळलं की ही लेन्स कोणासाठी घ्यायची आहे.

साक्री तालुक्यातून चैत्राम नावाचा माणूस आला. डोंगरात उंबरमाळ नावाचा पाडा आहे, तिथला. पस्तिशीचा असेल. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत फाईल. पिढ्यान्‌पिढ्या कसत आलेली जमीन नावावर व्हावी म्हणून त्याने वनहक्काचा दावा केला होता. 'पुरावा अपुरा' म्हणून तो परत आला. आता वरच्या समितीपुढे सुनावणी आहे, १८ नोव्हेंबरला. तेव्हा पुरावा दाखवता आला नाही तर संपलं.

"तुमच्याकडे आमचा नकाशा आहे, ताई. कापडाचा. त्यात आमची शेतं लिहिलेली आहेत."

"तुम्हाला कसं माहीत?"

त्याने आमच्या शिपायांकडे, लोटनआबांकडे पाहिलं. लोटनआबा पंख्याकडे पाहत होते.

नकाशा निघाला. साडेसहा फूट लांब, चार फूट रुंद. शंभर वर्षांपूर्वी कुणा अमिनाने, म्हणजे सरकारी मोजणीदाराने काढलेला. ओढे निळे, वाटा तपकिरी, अक्षरं बाळबोध आणि मोहरीच्या दाण्याएवढी. आणि जिथे उंबरमाळ असायला हवा, त्या वरच्या डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढा लालकाळा थर! खाली अक्षरं आहेत एवढंच दिसतं, वाचता येत नाहीत.

"हे काय आहे?"

"कुंकू शे," लोटनआबा म्हणाले.

"नकाशावर? कोणी लावलं?"

"लोके लावतस."

ते अहिराणीत बोलतात, मी मुद्दाम प्रमाण मराठीत उत्तर देते. कचेरीत कचेरीची भाषा हवी. "लोक म्हणजे कोण, आबा? शंभर वर्षांचा दस्तऐवज आहे हा!" त्यांनी नकाशाची घडी घालायला घेतली. अडाणीपणाला काही मर्यादा?

भिंतीवर पाटी आहे, 'कोर्टकचेरीसाठी नक्कल मिळणार नाही.' चैत्रामने ती वाचली आणि फाईल पिशवीत घातली. मी त्याला थांबवलं. म्हटलं, नक्कल मी देईन आणि त्यातलं अक्षर न्‌ अक्षर वाचता येईल. बोलून गेले. अधिकार काहीच नव्हता.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

आठ दिवस लेन्सखेरीज काही केलं नाही. टिपण तयार आहे, अकरा पानं.

प्रश्न दोन लेन्सचा आहे. एक बत्तीस मिलिमीटरची, रुंद. लहान खोलीत उभं राहून मोठी इमारत पकडणारी. दुसरी एकशेवीसची, जवळच्या सपाट वस्तूंसाठी बनवलेली. मधलं अक्षर आणि कडेचं अक्षर तिला सारखंच धारदार दिसतं. रुंद लेन्स नकाशाजवळ न्यावी लागते. मग कापडाला जिथे जिथे उंचवटा आहे, तिथे कडेची अक्षरं ताणली जातात आणि एका बाजूला हिरवट-जांभळी छटा येते. उंबरमाळ नेमका कडेला आहे.

शेवटचं पान पूर्ण उंबरमाळवर लिहिलं. तांत्रिक टिपणात असं लिहीत नाहीत. पण लेन्स कशासाठी घ्यायची हे लिहायचं नाही, तर टिपण कशासाठी?

९ सप्टेंबर, मंगळवार

हे लिहितेय ते रागाने.

लेन्स ठरवणाऱ्या समितीत तिघे. नाना, डुलक्या घेणारे चिटणीस आणि जळगावचे बन्सीलालभाऊ. 'तांत्रिक सदस्य' म्हणून बोलावलेले. लग्नाचे अल्बम करणारा स्टुडिओ आहे त्यांचा.

मी टिपण वाचायला लागले. तिसऱ्या पानावर नाना म्हणाले, "दिपमालाताई, थोडक्यात सांगा. आपलं नवीन सभागृह कोणत्या लेन्सने पूर्ण येतं?"

"सभागृह?"

"स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर. व्यासपीठापासून मागच्या दारापर्यंत."

ज्या संस्थेत चारशे नकाशे उंदरांची वाट पाहत पडलेत, तिला पहिलं छायाचित्र कशाचं हवंय? खुर्च्यांचं!

मी बन्सीलालभाऊंकडे पाहिलं. निदान धंद्यातला माणूस बोलेल. ते म्हणाले, "ताई, तुमची खोली किती लांब?"

"चौदा फूट."

"एकशेवीसने अख्खा नकाशा घ्यायचा तर कॅमेरा पंधरा फुटांवर जाईल. तुम्ही कुठे उभ्या राहाल? शेजारच्या टपरीत?"

चिटणीस जागे होऊन हसले.

"सभागृहात लावू."

"ते साखरपुड्यांना दिलेलं असतं," नाना म्हणाले.

"मग चार भागांत घेऊन जोडू."

"कापड आहे ते, फरशी नाही," बन्सीलालभाऊ म्हणाले. "सकाळी एक माप, दुपारी दुसरं. जोड बसेल का?"

मी हा विचार केला नव्हता. पण अशा वेळी तो काढायची गरज होती का?

मग चहासाठी थांबलो. नाना आणि बन्सीलालभाऊ व्हरांड्यात दहा मिनिटं बोलत होते. बन्सीलालभाऊंच्या हातात माझं टिपण होतं, शेवटचं पान उघडलेलं. त्यावर बोट ठेवून ते काहीतरी सांगत होते. चुका दाखवत असणार. नाना बराच वेळ मान हलवत नव्हते, मग एकदा हलवली. आत येऊन बन्सीलालभाऊ खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "माझं मत, रुंद घ्या."

बस्स. अकरा पानं गेली. माझ्याकडे बघायलाही त्यांना जमलं नाही. याला कणा म्हणतात का?

१० सप्टेंबर, बुधवार

एक विजय तरी मिळाला. रात्री न झोपता तीन पानी अर्ज लिहिला होता, उंबरमाळच्या नकाशाची नक्कल द्यावी म्हणून. राज्यघटनेतली वाक्यं घातली होती. सकाळी दहाला टेबलावर ठेवला आणि साडेदहाला सही होऊन परत आला! 'एक प्रत, संस्थेच्या शिक्क्यासह, देण्यास हरकत नाही.' पाटी लावल्यापासून अशी परवानगी पहिल्यांदा मिळाली, असं लोटनआबा म्हणाले.

नानांनी शेवटी 'ठरल्याप्रमाणे' असा शब्द लिहिलाय. काय ठरलं, कोणाशी, कळत नाही. सवयीने लिहीत असतील.

नीट मांडलं तर माणसाला ऐकावं लागतं. बन्सीलालभाऊंनी हे शिकायला हवं.

२४ सप्टेंबर, बुधवार

रुंद लेन्स आली. पहिलं छायाचित्र सभागृहाचं, दुसरं व्यासपीठाचं, तिसरं नानांचं व्यासपीठावर उभं असलेलं. दोन दिवस त्यात गेले.

आज नकाशा लावला. पांढऱ्या पत्र्यासमोर आधी एक फ्रेम घेतली, म्हणजे रंगाची छटा नंतर काढून टाकता येते. छटा गेली. पण कोपरा मोठा दिसावा म्हणून कॅमेरा जवळ नेला, तर त्याची स्वतःचीच सावली उंबरमाळवर पडायला लागली. सावली टाळली तर कापडाच्या लाटेत अक्षरं लांबट झाली. आणि कुंकवाखाली काय आहे, ते नुसतं काळं.

मी माझ्याच टिपणातलं पाचवं पान काढून वाचलं. सगळं तसंच लिहिलेलं होतं. बरोबर असण्याचा एवढा संताप कधी आला नव्हता.

४ ऑक्टोबर, शनिवार

दसऱ्याला गावी गेले होते. आज परत आले. नकाशा काढला आणि ओरडलेच.

कोपऱ्यात ताजं कुंकू! ओलं करून बोटाने दाबलेलं. वर हळद, चार तांदळाचे दाणे.

"आबा! हे कोणी केलं?"

"दसरा व्हता," लोटनआबा म्हणाले.

"किल्ली तुमच्याकडे होती."

"हा. मनाकडेच व्हती."

एवढंच. ना खंत, ना खुलासा. ज्या अक्षरांवर एका घराचं आयुष्य अडलंय, त्यांवर हा माणूस दर वर्षी थर चढवतोय! मी तिथेच तक्रार लिहिली. दस्तऐवजाची नासधूस, कर्तव्यात कसूर, कारवाई व्हावी. पाकिटात घालून 'मा. अध्यक्ष' लिहिलं. टपाल न्यायचं काम लोटनआबांचंच. त्यांनी पाकीट घेतलं, टोपी घातली आणि सायकलवरून नानांच्या घरी देऊन आले. पोच म्हणून वहीवर सहीसुद्धा आणली.

७ ऑक्टोबर, मंगळवार

लोटनआबांना नकाशाच्या खोलीत यायला बंदी झाली. ते बाहेर स्टुलावर बसतात. योग्यच झालं.

नकाशा जुन्या घडीवर घालायला गेले तर जमेना. चार वेळा उलगडला. पाचव्यांदा एका घडीत कापड किंचित उसवलं. ते दारातून पाहत होते, पण उठले नाहीत. बंदी आहे ना.

चुकीला शिक्षा व्हायलाच हवी. मग जेवण का गेलं नाही?

११ ऑक्टोबर, शनिवार

रजा घालून जळगावला गेले. बन्सीलालभाऊंना दोन शब्द सुनवायचे होते. वाटेत पारोळ्याला बस थांबली, पण घरी जायला उतरले नाही. मायने चेहरा पाहिला असता.

स्टुडिओत एका जोडप्याला कृत्रिम धबधब्यासमोर उभं केलेलं होतं. मी सरळ सांगितलं, तुमच्या मतामुळे अक्षरं वाचता येत नाहीत आणि वर ताजं कुंकू पडलंय.

"कुंकू?" ते एकदम सावध झाले. "लाल कुंकू आणि खाली काळी शाई? काजळाची?"

"हो."

"मग रडता कशाला, ताई?"

"मी रडत नाहीये!"

त्यांनी आतून एक जड डबा आणला. जुन्या धोतरात गुंडाळलेली पितळी कडांची लेन्स. दीडशे मिलिमीटर. अख्खा नकाशा नाही, नुसता कोपरा घ्यायचा, म्हणजे आमची खोली पुरते. त्यावर ना फोकसची कडी, ना शटर. तरुणपणी ते ऑफसेट छापखान्यात प्रोसेस कॅमेऱ्यावर होते. केळीच्या खोक्यांची लेबलं, लग्नपत्रिका. छपाईसाठी प्रत्येक रंगाची वेगळी फिल्म काढायची, म्हणून या लेन्सला लाल, हिरवा, निळा एकाच ठिकाणी धारदार दिसायलाच हवेत.

"लोक पत्रिका पुन्हा छापायला आणायचे ना, तर नमुन्याच्या कोपऱ्यांना कुंकू. कुणाचं पसरून नवरीच्या नावावर गेलेलं. आम्ही लाल काच लावून फिल्म घ्यायचो. लाल काचेला कुंकू आणि कागद सारखेच. काळं तेवढं उरतं. तुमच्या बॅकमध्ये तर लाल वेगळा निघतोच, काचेचीही गरज नाही."

हे मला सुचायला हवं होतं. तीन वर्षं प्रकाश शिकले. प्रयोगवहीत लाल काचेची आकृतीसुद्धा काढली होती. एवढी शरम वाटली की आणखी राग आला.

"मग समितीत का नाही सांगितलंत?"

"समितीत जुनं भंगार घ्या म्हटलं असतं तर नानांनी मलाच काढलं असतं."

"आणि रुंद लेन्सला मत का दिलंत?"

"नानांना हॉलचा फोटो पाहिजे होता. त्यांना तो मिळाला." धबधब्याच्या जोडप्याला त्यांनी हनुवटी वर करायला सांगितलं. "तुम्हाला पाहिजे होतं ते पण मिळालं ना?"

मला काय मिळालं? जे मिळालं ते मी अर्ज लिहून मिळवलं. अशी गोलमोल बोलणारी माणसंच संस्था बुडवतात. पण लेन्स ते फुकट देतायत, तेव्हा मी गप्प बसले. लेन्स आणि बॅक यांच्यामध्ये बसवायची अॅल्युमिनियमची नळी वरणगावचे कौतिकभाऊ लेथवर करून देणार आहेत. निवृत्त फिटर. दिवाळीनंतर मिळेल.

२९ ऑक्टोबर, बुधवार

आजचं सगळं नीट लिहिलं पाहिजे, माझ्या बाजूचं नसलं तरी.

बन्सीलालभाऊ नळी घेऊन आले. चैत्राम आला, सोबत त्याची आई गुंताबाई. मी नकाशा पाटावर पसरला. लाटाच लाटा.

"काच ठेवून दाबू का?"

"काच ठेवली तर कुंकू चिकटेल काचेला, अक्षरासकट निघेल," बन्सीलालभाऊ म्हणाले. "हा नकाशा रोज कोण उलगडतं?"

"शिपाई."

"बोलवा."

"त्यांना बंदी आहे."

"का?"

मी सांगितलं. ते लेन्सवरचं धोतर पुन्हा गुंडाळायला लागले. शेवटी मीच बाहेर गेले. तिथे गुंताबाई लोटनआबांच्या स्टुलाशेजारी जमिनीवर बसल्या होत्या, आणि दोघं जुन्या ओळखीच्या माणसांसारखे पिकाचं बोलत होते.

"तुम्ही ओळखता आबांना?"

"ओळखत नाही तर?" गुंताबाई म्हणाल्या. "दर दसऱ्याला येतो ना आम्ही. हे नकाशा काढून देतात. यांच्या आधी यांचा बाप काढून द्यायचा. आमच्या पाड्याला कुंकू लावतो, घरी जातो."

"तुम्ही लावता?"

"मग? सायबाने आमचं गाव कापडावर लिहिलं, त्याला पुजायचं नाही?" कमरेची छोटी डबी काढून त्यांनी मला दाखवली. त्यांना त्यात काही लपवण्यासारखं वाटत नव्हतं. चैत्राम मान खाली घालून उभा होता. त्याला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी लोटनआबांवरच ओरडले. "तुम्ही मला सांगितलं का नाही? मी तुमची तक्रार केली आणि तुम्ही ती स्वतः नेऊन दिली!"

"तुले सांगं असतं तं तू चैत्रामवर चिडनी असती," ते म्हणाले. "मंग फोटू कोन काढता?"

मी चैत्रामवर चिडले नसते, असं लिहिणार होते. चिडले असते.

"मधमा या, आबा," मी म्हटलं. घरची भाषा तोंडातून कशी निघाली कळलं नाही. ते उठले, चपला काढल्या, हात धुऊन पुसले. पाटावर गोधडी अंथरली, तिच्यावर नकाशा टाकला आणि विणीच्या दिशेने तळवा फिरवत राहिले. एकदाही दाबलं नाही. अर्ध्या तासात कापड पाण्यासारखं निवांत झालं. वर आलेली कोरडी भुकटी त्यांनी मऊ ब्रशने उचलून कागदात घेतली आणि बाहेर नेऊन गुंताबाईंना दिली. फेकली नाही.

"आधी जसं आहे तसं रंगीत घ्या," बन्सीलालभाऊ म्हणाले. "मग लाल." मला घाई होती, तरी ऐकलं. नळी फिरवून फोकस केला, पडद्यावर कापडाचा एकेक धागा दिसायला लागला. मग फक्त लाल वेगळा काढला.

डाग गेला. करड्या कापडावर काळी अक्षरं उभी राहिली, काल लिहिल्यासारखी. चैत्रामने वाचलं, "उंबरमाळ. घरे नऊ. ओढ्यापासून टेकडीपर्यंत नागली वहीत. कसणार, दित्या बिन गोमा." वहीत म्हणजे लागवडीखाली. दित्या त्याचा पणजोबा. खोलीत पाचव्या माणसाला जागा नव्हती, म्हणून गुंताबाई बाहेरच होत्या.

३० ऑक्टोबर, गुरुवार

तक्रार मागे घेत असल्याचा अर्ज लिहिला. चूक माझी, असं स्पष्ट लिहिलं. लोटनआबा म्हणाले, "आते हाई बी मीच नेऊ का?"

मी म्हटलं, नाही, मी नेते. त्यांची सायकल घेऊन गेले. नानांनी वाचलं आणि म्हणाले, "अहो, तुमची पहिली तक्रार मी अजून फाईलला लावलीच नव्हती. माणसाला जरा सावलीत बसू दिलं होतं." सभागृहाचा फोटो त्यांच्या दिवाणखान्यात लागलाय. चांगला आलाय, हे मान्य करायला त्रास होतो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सुनावणी अकराला होती, पुकारा दुपारी तीनला झाला. चार तास गुंताबाई भिंतीला टेकून बसल्या. कूलरजवळच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, पण तिथे बसायला कोणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. मी दोनदा आत जाऊन विचारलं. "नंबराने होईल," एवढंच उत्तर.

समितीवरच्या अधिकारी बाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. मी नक्कल पसरली. त्यांनी वाचली, पुन्हा वाचली आणि संस्थेचं पत्र पाहिलं.

"पत्रात लिहिलंय की मूळ नकाशाच्या या कोपऱ्यावर लाल डाग आहे. नकलेत तर डाग नाही."

"तो लाल रंग वेगळा करून—"

"म्हणजे नकलेत बदल केला."

"बदल नाही, मॅडम! जे आहे तेच दिसू दिलं."

"ते तुम्ही म्हणता. उद्या कोणीही संगणकावर काहीही लिहून आणेल." त्या रागावून बोलत नव्हत्या. म्हणूनच मला जास्त राग आला. मी तरंगलांबी सांगायला लागले, काजळाची शाई, वर्णपट. माझा आवाज चढला. त्यांनी हात वर केला. चैत्रामने पिशवी आवळून धरली. तीन महिने, दोन लेन्स, आणि मी माझ्याच विज्ञानाने त्याचा दावा बुडवत होते.

"डाग कसला होता?" त्यांनी चैत्रामला विचारलं.

"कुंकू. आई लावते."

"बाई, पुढे या. काय लावता, कुठे?"

गुंताबाई पुढे आल्या. सांगितलं, लग्न होऊन आल्यापासून दर दसऱ्याला. आधी सासू लावायची, तिच्या आधी तिची सासू.

"जमीन कसणाऱ्या तुमच्या पूर्वजाचं नाव काय?"

गुंताबाई गप्प.

"नाव सांगा. नकाशात लिहिलंय म्हणता ना?"

त्या जमिनीकडे पाहू लागल्या. मी पुटपुटले, "सांगा ना, मावशी!" त्यांनी पदर पुढे ओढला. तेव्हा कळलं. नवऱ्याच्या आजोबांचं नाव. सून ते तोंडाने घेत नाही, समितीपुढे नाही, कुठेच नाही. जमीन गेली तरी नाही. मला किंचाळावंसं वाटलं. आमच्या बायकांना गप्प बसायला इतकं कोणी शिकवलं?

अधिकारी बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "वाचता येतं?"

"नाही."

"बरं. मग नाव कुठे आहे ते दाखवाल?"

गुंताबाई टेबलाशी वाकल्या. त्या स्वच्छ, करड्या नकलेवर खूण काहीच नव्हती. दोन हात लांबीच्या कागदावर शेकडो काळे ठिपके, ओढे, टेकड्या. आजपर्यंत त्यांनी ही नक्कल पाहिलीही नव्हती. त्यांनी निळ्याचा करडा झालेला ओढा शोधला नाही, अक्षरांवर डोळे फिरवले नाहीत. उजवा हात पुढे केला आणि करंगळीशेजारचं बोट सरळ खाली टेकवलं. 'दित्या'च्या 'द'वर.

अधिकारी बाईंनी त्यांना बोट तसंच ठेवायला सांगितलं. माझ्याकडची रंगीत प्रत मागून शेजारी लावली. डाग आणि बोट एकाच जागी होतं. त्यांनी वाकून अक्षरं वाचली, मोठ्याने नाही, मनात. मग कारकुनाला म्हणाल्या, दोन्ही प्रती जोडा, पुरावा ग्राह्य, दावा मंजुरीसाठी पुढे पाठवायचा.

लेखी आदेशाला एक महिना लागेल म्हणे. एक महिना! मी भांडायला उभी राहिले होते, चैत्रामने बाही ओढून बसवलं. कारकुनाने जबाब लिहिला आणि वाचून दाखवला. बाहेर व्हरांड्यात चैत्रामने त्याची प्रत माझ्याकडून तीनदा वाचून घेतली, आईला ऐकू जाईल अशा आवाजात. शेवटची ओळ अशी आहे:

'साक्षीदाराने नाव उच्चारले नाही. जागेवर बोट ठेवले.'